तिकिटांचा पैसा सातवाच हिस्सा असेल, तर भाववाढ प्रेक्षकाच्या माथी का?

परभणीचा_राइटबॅक:

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांब झाला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडच्या उत्तर भागात शिकायला आहे. घरून निघताना त्याने मला शब्द दिला होता की पहिल्याच वर्षी फुटबॉलचा एक तरी सामना मैदानात बसून पाहीन आणि तिथून व्हिडिओ कॉल करीन. दुसरे वर्ष संपत आले तरी तो कॉल आलेला नाही. मी टोमणा मारला तेव्हा त्याने हिशेबच मांडला. ज्या क्लबचे मैदान त्याच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथल्या एका तिकिटात त्याचा दोन आठवड्यांचा किराणा येतो आणि ते तिकीट मागण्याआधी वार्षिक सदस्यत्वाचे पैसे वेगळे भरावे लागतात. त्यामुळे तोही माझ्यासारखाच मोबाइलवर सामना पाहतो. फरक एवढाच की त्याला खिडकीतून प्रेक्षकांचा गलका ऐकू येतो आणि गोल झाल्याचे मोबाइलच्या आधी कळते.

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून या तक्रारीकडे आकड्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आणि अधिकच गोंधळलो. मोठ्या क्लबचे उत्पन्न तीन वाटांनी येते असे वाचले: प्रक्षेपण हक्क, प्रायोजक व जर्सीविक्रीसारखा व्यापारी भाग, आणि सामन्याच्या दिवशी मैदानावर जमणारा पैसा. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचे वीसही क्लब एकत्र धरले तर या तिसऱ्या वाटेचा हिस्सा सुमारे एक सप्तमांश भरतो. २०२५ पासूनचा चार हंगामांचा देशांतर्गत प्रक्षेपण करार ६७० कोटी पौंडांचा आहे. असे असताना मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे हंगाम चालू असताना, सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड (सुमारे सात हजार रुपये) केला आणि त्यात मुलांची व ज्येष्ठांची सवलतही ठेवली नाही.

माझा प्रश्न असा की उत्पन्नाच्या सातव्या हिश्श्यासाठी क्लब आपल्याच माणसांशी एवढी ओढाताण का करतात? त्यांच्या ताळेबंदाला खरोखरच त्या पैशाची गरज असते का? आणि तिकिटाचा दर न्याय्य आहे असे म्हणताना कोणते माप वापरायचे: क्लबच्या खर्चाचे, बाजारातील मागणीचे की प्रेक्षकाच्या ऐपतीचे? येथे हिशेबातील जाणकार आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारण्याचे धाडस करतो.

लातूरचा_ताळेबंद:

राइटबॅक, मी बत्तीस वर्षे लेखापरीक्षण केले, त्यातले बरेचसे सहकारी संस्थांचे, आणि फुटबॉलचे वेड मला मुलामुळे उशिरा लागले. खेळाबद्दल चुकलो तर सांभाळून घ्या, आकड्यांत चुकलो तर खुशाल धरा.

तुमचा सातवा हिस्सा बरोबर आहे, परंतु ती सरासरी आहे आणि सरासरीखाली बरेच काही झाकले जाते. २०२२-२३ च्या हंगामात प्रीमियर लीगच्या क्लबांचे एकत्रित उत्पन्न ६०० कोटी पौंडांच्या थोडे वर होते आणि त्यात सामन्याच्या दिवसाचे सुमारे ८७ कोटी होते. प्रक्षेपणाच्या वाटणीत आता शेवटच्या क्रमांकावरील क्लबलाही १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते, त्यामुळे छोट्या मैदानाच्या क्लबसाठी तिकीटविक्री म्हणजे भाजीवरची कोथिंबीर ठरते. मोठे मैदान असलेल्या नामांकित क्लबचे चित्र वेगळे आहे. रेआल माद्रिदने २०२३-२४ मध्ये वार्षिक १०० कोटी युरोंचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा सामन्याच्या दिवसाचा होता. मात्र या खात्यात काचेच्या खोलीत जेवण घेत सामना पाहणाऱ्या कंपन्यांच्या पाहुण्यांचा पैसाही असतो. खाते एकच असले तरी त्यातील दोन गिऱ्हाइके अगदी निराळी आहेत, आणि साध्या बाकावरच्या प्रेक्षकाचा वाटा त्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान आहे.

आता खर्चाची बाजू पाहू. प्रीमियर लीगमध्ये उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग पगारातच जातो. त्याखालच्या चॅम्पियनशिपमध्ये तर २०१८-१९ ला शंभर पौंड आले आणि एकशेसात पौंड पगाराला गेले, अशी एकूण गोळाबेरीज होती. खेळाडू विकत घेण्याची किंमत एकदम खर्ची न टाकता कराराच्या वर्षांवर वाटतात, जसा आपण ट्रॅक्टरवर घसारा लावतो. चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार करून हा घसारा पातळ करण्याची युक्ती वापरली, तेव्हा २०२३ मध्ये ही विभागणी पाच वर्षांपुरतीच मान्य होईल असा नियम आला. (आमच्या व्यवसायातील मंडळींना या युक्तीचे मनातून कौतुक वाटले असणार, हे कबूल करतो.)

तुम्ही वाणिज्याचे विद्यार्थी आहात, म्हणून एक त्रैराशिक देतो. मैदानात ५० हजार जागा आहेत असे समजा. घरच्या मैदानावर लीगचे १९ सामने होतात. प्रत्येक तिकिटावर पाच पौंड वाढवले तर हंगामात ४७ लाख ५० हजार पौंड जास्त मिळतात. आघाडीच्या एखाद्या खेळाडूला आठवड्याला दोन लाख पौंड पगार असेल, तर ही सगळी वाढ त्या एकट्याच्या चोवीस आठवड्यांच्या पगारालाही पुरत नाही. पन्नास हजार घरांत वर्षभर कुरबूर, आणि हाती लागले ते एका माणसाचे अर्धे वर्ष. ताळेबंदाला ही रक्कम दिसते, पण ताळेबंद तिच्यावर उभा नसतो.

क्लबची बाजू मांडायची तर ती अशी: लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमानुसार तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांहून अधिक तोटा चालत नसे. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये याच नियमाखाली दहा गुण कापले गेले आणि अपिलात ते सहावर आले. मालकाने स्वतःच्या खिशातून वाटेल तेवढी भर घालण्याचा रस्ता बंद झाल्यावर जिथून चार पैसे वाढतील तिथून ते काढावेत, असे व्यवस्थापनाला वाटणे मी समजू शकतो. प्रक्षेपणाचा दर लीग ठरवते, प्रायोजकाशी घासाघीस करावी लागते, तिकिटाचा दर मात्र व्यवस्थापनाच्या एका बैठकीत बदलता येतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. प्रेक्षकाकडे पैसा जास्त आहे असे कोणी मानत नाही. त्याच्याकडून तो काढणे सर्वांत सोपे आहे, एवढेच.

सोपे असले तरी दर वेळी जमतेच असे नाही. लिव्हरपूलने २०१६ मध्ये सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे ठरवले, तेव्हा ६ फेब्रुवारीला संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर गेले. त्या वेळी संघ २-० ने पुढे होता. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला आणि पुढील दोन हंगाम दरवाढ न करण्याचे मान्य केले. एवढे करूनही क्लब बुडाला नाही, हे तुम्ही तुमच्या त्रैराशिकाशेजारी लिहून ठेवा.

उलट टोकाचे उदाहरण लीड्स या इंग्लिश क्लबचे. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पुढील पंचवीस वर्षांच्या तिकीटविक्रीच्या भरवशावर ६ कोटी पौंडांचे कर्ज उचलले आणि ते खेळाडूंवर लावले. आपल्या भागातील ऊसतोडीच्या उचलीची आठवण व्हावी असा हा प्रकार: कोयता चालण्याआधीच पैसा संपलेला आणि हंगामभर फिटत राहायचे. २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता, २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेला. अध्यक्षांच्या कार्यालयातील भाड्याने आणलेले सोनमासे त्या उधळपट्टीची खूण म्हणून तिथे अजून सांगितले जातात. प्रेक्षकाने आज भरलेला पैसाच काय, त्याने अजून न भरलेला पैसाही कारभारी खाऊ शकतात.

मोंढ्यातला_भुसार:

ताळेबंद साहेबांच्या आकड्यांशी माझा वाद नाही. पण जालन्याच्या मोंढ्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘न्याय्य दर’ हा शब्द ऐकला की थोडे हसू येते. माल थोडा आणि घेणारे जास्त असतील तर भाव वाढतो. आमचे सोयाबीन गडगडते तेव्हा न्यायाची चर्चा करायला कोणी मोंढ्यात येत नाही.

समजा, साठ हजार जागा आहेत आणि दीड लाख लोकांना सामना पाहायचा आहे. क्लबने दयाबुद्धीने पस्तीस पौंडांचा दर ठेवला तरी तिकिटे साठ हजारच राहणार. नव्वद हजार लोक बाहेरच उभे राहणार आणि ज्यांना मिळाली त्यांच्यातला कोणी तरी ती दीडशेला विकणार. म्हणजे मधले पैसे दलालाच्या घरी गेले. त्यापेक्षा ते क्लबकडे जाऊन एखादा चांगला बचावपटू आला तर वाईट काय? दिवाळीला पुण्याहून जालन्याला येणाऱ्या ट्रॅव्हल्सचे भाडे तिप्पट होते, आपण शिव्या देतो आणि तरीही बसतो. ज्याला परवडत नाही तो एसटीने येतो. राइटबॅकचा मावसभाऊ मोबाइलवर सामना पाहतो, ती त्याची एसटी आहे.

मला कठोर समजू नये. माझा स्वतःचा नातू रात्री दीड वाजेपर्यंत सामने पाहतो आणि सकाळी शाळेला उठत नाही.

नांदेडची_दक्षिणबाजू:

भुसारकाका, आपल्याच मोंढ्यातून सुरुवात करते. शेतकऱ्याला एका आडत्याचा भाव पटला नाही तर तो माल दुसऱ्या आडतीवर नेतो. लिव्हरपूलच्या समर्थकाला भाव पटला नाही म्हणून तो एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन बसत नाही. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही, त्याने मोजलेल्या किमतीला बाजारभाव म्हणायचे की अडलेल्याची किंमत म्हणायचे, हे आपण मोंढ्यातील अनुभवावरून ठरवावे. दलालांचा मुद्दा मान्य आहे; म्हणूनच इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटे परवानगीशिवाय परस्पर विकणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. ट्रॅव्हल्सचे म्हणाल, तर आपल्या शासनानेही २०१८ मध्ये खासगी बसच्या भाड्याला एसटीच्या दीडपट अशी मर्यादा घातली आहे. ती दिवाळीत कितपत पाळली जाते हे आपण जाणतोच, पण अमर्याद भाडे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे असे शासनाने मानलेले नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांनीही बाहेरगावाहून येणाऱ्या पाहुण्या समर्थकांसाठी २०१६-१७ पासून ३० पौंडांची कमाल मर्यादा ठरवली. त्यामागे त्या समर्थकांच्या संघटनांनी काही वर्षे चालवलेला आग्रह होता.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. सोयाबीन विकत घेणारा माणूस सोयाबीनमध्ये भर घालत नाही. प्रेक्षक घालतो. माळेगावच्या यात्रेत कुस्तीचा फड पाहिला असेल त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही: आखाड्याभोवती माणूस दाटलेला नसेल तर मानाची शेवटची कुस्तीही दोन जणांची झटापट वाटते. २०२० मध्ये करोनामुळे मैदाने रिकामी ठेवून सामने सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण कंपन्यांना जुना ध्वनिमुद्रित गोंगाट खाली लावावा लागला होता. कोट्यवधी पौंडांना जे विकले जाते त्यात बाकावरच्या माणसाचा आवाज आहे, आणि तो आवाज काढण्यासाठी त्यानेच तिकीट घेतलेले आहे. म्हणून सातवा हिस्सा हा आकडा मला अपुरा वाटतो. उरलेल्या सहा हिश्श्यांतही प्रेक्षक आहेच, फक्त तिथे त्याच्या नावाचे खाते नाही.

माझ्या टोपणनावाचे मूळ सांगते. २०१७ पासून दोन वर्षे मी नोकरीनिमित्त जर्मनीत डॉर्टमुंडजवळ राहत होते. तिथल्या मैदानाची दक्षिण बाजू सुमारे पंचवीस हजार माणसे उभी राहतील एवढी आहे आणि तिथे उभे राहण्याचे तिकीट तेव्हा वीस युरोंच्या आतबाहेर होते. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मुलीचे हंगामी तिकीट होते. ती परीक्षेला बसली की मला ते मिळायचे, त्यामुळे तिच्या परीक्षांचे वेळापत्रक मला तिच्या आईपेक्षा चांगले पाठ होते. जर्मनीतील अनेक क्लबच्या तिकिटावर त्या दिवसाचा स्थानिक रेल्वे-बस प्रवासही धरलेला असतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटले होते की ही स्वस्ताई म्हणजे सरकारी अनुदान असावे. तसे काही नव्हते.

त्यामागे एक नियम आहे, त्याला तिथे ‘पन्नास अधिक एक’ म्हणतात. १९९८ मध्ये जर्मन क्लबांना आपल्या संघाची कंपनी करण्याची मुभा मिळाली, पण मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहील या अटीवर. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग या कारखान्यांच्या संघांना त्यातून सूट मिळाली, आणि मोजकेच मताधिकारी सभासद ठेवून लाइपझिगने नियमाचे शब्द पाळले, आत्मा पाळला नाही, असे तिथले लोक रागाने सांगतात. तरीही एकंदर परिणाम असा की दर वाढवणाऱ्याला सभासदांच्या सभेत उभे राहावे लागते. क्लबने प्रेक्षकाला दुभती गाय समजू नये, ही भूमिका बायर्नसारख्या श्रीमंत क्लबचे कारभारी उली होनेस यांनीही जाहीरपणे मांडली होती.

भांडणे तिथेही होतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्टुटगार्टच्या मैदानावर चषकाच्या सामन्यात पाहुण्यांसाठीचे दर जास्त ठेवले, म्हणून डॉर्टमुंडचे समर्थक पहिली वीस मिनिटे आत आलेच नाहीत आणि आल्यावर त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. डिसेंबर २०२३ मध्ये लीगने प्रक्षेपणाच्या भावी उत्पन्नातील वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचे ठरवले, तेव्हा पुन्हा टेनिसचे चेंडू आले, सोबत सोनेरी कागदातील चॉकलेटची नाणी आली, सामने थांबले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत सोडून दिला.

लातूरचा_ताळेबंद:

ताई, लेखन आवडले. परंतु सभासदांच्या मालकीचे नाव काढले की माझ्यातील लेखापरीक्षक जागा होतो. मराठवाड्यात सभासदांच्या मालकीचे कारखाने आपण काही कमी पाहिले नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय वाचून होण्याआधी मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, सभासद सवलतीची साखर घेऊन घरी जातो आणि चार वर्षांनी कारखाना अवसायनात निघाल्याचे वर्तमानपत्रात वाचतो. अशा एका संस्थेच्या ताळेबंदावर मी प्रतिकूल शेरे लिहिले होते. ते सभेत वाचलेच गेले नाहीत. बार्सिलोना हा लाखाहून अधिक सभासदांचा क्लब आहे, ते आपला अध्यक्ष मतदानाने निवडतात, आणि तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये नव्या अध्यक्षांना १३५ कोटी युरोंचे कर्ज जाहीर करावे लागले. ताईंचे डॉर्टमुंडही २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आले होते. स्वस्त तिकीट आणि मताचा अधिकार मिळाला म्हणजे कारभार नीट होतो, असे नाही. हिशेब वाचणारा सभासद लागतो आणि तो दुर्मीळ असतो.

मात्र मालक एकटा असला की काय होते तेही पाहावे. १८९४ पासून लीगमध्ये असलेला बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाच्या दुरवस्थेमुळे लीगमधून काढून टाकला गेला. पोर्ट्समथ २०१० मध्ये प्रशासकाच्या हाती गेला, २०१३ मध्ये समर्थकांच्या न्यासाने तो वर्गणी काढून विकत घेतला, कर्जातून बाहेर काढला आणि २०१७ मध्ये सभासदांनीच मतदान करून एका श्रीमंत खरेदीदाराला विकला. पहिल्या वाचनात मला हे विचित्र वाटले होते, आता वाटत नाही; विकायचे की नाही हे त्यांना विचारले गेले होते. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला आहे आणि क्लबने समर्थकांशी सल्लामसलत करण्याचे बंधन त्यात आहे, तिकिटांच्या दरांसह. सल्ला घेणे म्हणजे ऐकणे नव्हे, हा अनुभव आपल्याकडे ग्रामसभेपासून आहे, त्यामुळे मी अजून टाळ्या वाजवत नाही.

परभणीचा_राइटबॅक:

आपणा तिघांचे मनापासून आभार. भुसारकाकांचा मुद्दा मी सहज सोडून देणार नाही, कारण मावसभावाला मी तेच म्हणालो होतो आणि तो दोन दिवस बोलला नाही.

ताळेबंद सरांचे ‘विचारले गेले होते’ हे शब्द वाचून एक जुनी गोष्ट आठवली. २०१७ च्या हिवाळ्यात बाबा मला पुण्याला बालेवाडीच्या मैदानावर एफसी पुणे सिटीचा सामना दाखवायला घेऊन गेले होते. परभणीहून रात्रीच्या रेल्वेने गेलो. तिकीट आमच्या प्रवासखर्चापेक्षा स्वस्त होते, जागा हवी तिथे मिळाली आणि गळ्यात नारंगी पट्टा घालून मी घरी आलो. तो पट्टा अजून आहे. क्लब २०१९ मध्ये बंद झाला. दर अगदी न्याय्य होता, पण आम्हाला कोणी विचारले नाही आणि विचारावे असे आम्हालाही सुचले नाही. मग आपल्याकडे तिकीट स्वस्त असणे हा प्रेक्षकाचा फायदा आहे, की क्लबच्या हिशेबात त्याची काहीच किंमत नसण्याची खूण आहे?

नांदेडची_दक्षिणबाजू:

राइटबॅक भाऊ, दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. पुण्याच्या जागी इंडियन सुपर लीग या आपल्या देशातील स्पर्धेत हैदराबाद आले, आणि गंमत अशी की आम्हा नांदेडकरांना क्लब जवळ आला, कारण आम्हाला पुण्यापेक्षा हैदराबादच जवळचे. मी तिथल्या गचिबावलीच्या मैदानावर दोन सामने पाहिले. २०२१-२२ मध्ये त्या संघाने विजेतेपदही मिळवले. पुढे खेळाडूंचे पगार थकले, चांगले खेळाडू सोडून गेले, मालक बदलले आणि २०२५ मध्ये तोच परवाना दिल्लीला गेला. दोन्ही वेळा मैदानावरचा प्रेक्षक सोडून बाकी सगळे सामान बांधून नेता आले.

इंडियन सुपर लीगचा पायाच वरून खाली असा आहे. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना एका कंपनीला दिले, लीग २०१४ मध्ये सुरू झाली, क्लब वर्षानुवर्षे तोट्यात खेळले आणि तो तोटा मालकाने भरला. तिकिटाचे शंभर-दोनशे रुपये त्या तोट्यापुढे कुठेच लागत नाहीत. २०२५ च्या डिसेंबरात करार संपायचा होता आणि नवा ठरत नव्हता, तेव्हा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही. कोलकात्यात आणि केरळात ज्या क्लबमागे लोक उभे आहेत तिथे निदान आरडाओरड तरी झाली. पुण्यात आपण पट्टा घडी करून कपाटात ठेवला.

आता आपल्या मावसभावासाठी एक सुचवते. मँचेस्टर युनायटेडची मालकी २००५ मध्ये कर्ज काढून घेतली गेली आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकले गेले, तेव्हा रागावलेल्या समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. तो खालच्या स्तरांत खेळतो, एका सभासदाला एकच मत असते आणि हंगामी तिकिटासाठी ठरावीक किमान रकमेच्या वर ज्याला जेवढे जमेल तेवढे द्यावे, अशी पद्धत त्यांनी चालवली आहे. मॉस्टन भागात २०१५ पासून त्यांचे स्वतःचे मैदान आहे. खेळ टीव्हीवरच्यासारखा नसेल हे आधी सांगून ठेवा.

मोंढ्यातला_भुसार:

ताई, ‘अडलेल्याची किंमत’ हे शब्द लागले. मोंढ्यात त्यासाठी एक अधिक वाईट शब्द आहे, तो इथे लिहीत नाही. दलाल आणि रांग यांबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे: दर स्वस्त ठेवायचा असेल तर तिकीट कोणाला मिळणार हे ठरवण्याची रीतही सभासदांनी स्वच्छ ठेवली पाहिजे, नाही तर सवलतीच्या साखरेसारखेच होईल.

परभणीचा_राइटबॅक:

मावसभावाला ताईंचा निरोप आणि ताळेबंद सरांचे त्रैराशिक दोन्ही पाठवले. त्रैराशिकात त्याने एक चूक काढली: हंगामी तिकीटधारकांना प्रतिसामना कमी दर पडतो, त्यामुळे वाढीची रक्कम आणखी कमी भरेल. मॉस्टनबद्दल त्याने एवढेच विचारले आहे की रविवारी सकाळी नोकरीची पाळी असल्यामुळे शनिवारचा सामना संपल्यावर परतीची गाडी मिळेल का. वेळापत्रक शोधून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.